सासूबाईंची कापराची डबी

सातारा जिल्ह्यातून एका आजींचं सात पानी पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा. त्यांच्या सासूबाई दर दिवाळीनंतर घरी मलम करायच्या: खोबरेल, मधमाश्यांचं मेण, कापूर, ओव्याची फुलं, पुदिन्याची फुलं (ही ‘फुलं’ म्हणजे ओव्याच्या आणि पुदिन्याच्या तेलाचे पांढरे खडे) आणि थोडं निलगिरीचं तेल. सर्दी झाली की छातीला, खाज सुटली की तिथे, डास चावला की तिथेही. घरात एकच डबी. सासूबाई गेल्यावर गेली १८ वर्षं ते मलम त्या स्वतः करतात. नातू नऊ महिन्यांचा, पुण्यात असतो. मागच्या महिन्यात त्याला सर्दी झाली. गालांवर आणि कोपरांच्या घडीत लालसर, खरखरीत चट्टे आधीपासून होतेच. आजींनी रात्री छातीला, नाकाखाली आणि त्या चट्ट्यांनाही मलम चोळलं. बाळ किंचाळून रडलं, चट्टे लालबुंद झाले, सुनेने सगळं पुसून काढलं आणि सकाळी डबी त्यांच्या पिशवीत परत ठेवली. ‘ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं,’ असं त्या लिहितात. ‘याच मलमावर माझी दोन मुलं वाढली. बाजारच्या सिरपने लेकरं दगावल्याच्या बातम्या येतात, मग घरचं वाईट कसं?’ इकडे त्यांच्या बचत गटातल्या बायका म्हणतात, हे मलम डब्यांत भरून विकूया. सुनेचं ऐकावं की बायकांचं, हा प्रश्न. सोबत कृती: एक मोठी वाटी खोबरेल, लिंबाएवढं मेण, कापराचं ५० ग्रॅमचं एक पाकीट, ओव्याची आणि पुदिन्याची फुलं चमचा चमचा, निलगिरी थोडंसं.

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी वजनकाटा काढला. सून, सासू, बचत गट हे सगळं नंतर बघू म्हटलं, आधी डबीत काय आहे ते कळू दे. माझ्याकडची मोठी वाटी भरून खोबरेल साधारण १५० ग्रॅम भरलं. लिंबाएवढं मेण ३० ग्रॅम. कापूर ५० ग्रॅम, तो तर पाकिटावरच लिहिलेला. दोन्ही फुलं मिळून १० ग्रॅम धरली. बेरीज २४०. म्हणजे तुमच्या डबीत पाचव्या हिश्श्याहून जरा जास्तच कापूर आहे, जवळजवळ २१ टक्के.

हा आकडा किती मोठा आहे ते सांगते. सर्दीला छातीला चोळायचे जे बाम बाजारात मिळतात त्यांत कापूर साधारण पाच टक्के असतो. अमेरिकेत पूर्वी ‘कॅम्फरेटेड ऑइल’ नावाचं एक तेल औषधाच्या दुकानात सर्रास मिळायचं. त्यात २० टक्के कापूर असे. लोक घाईत ते एरंडेल समजून मुलांना पाजायचे आणि मुलांना फिट्स यायच्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने ते तेल बंद केलं आणि अंगाला लावायच्या कुठल्याही औषधात ११ टक्क्यांहून जास्त कापूर नको, असा नियम केला. तुमची डबी त्या बंद पडलेल्या तेलाच्या पंगतीला बसते.

दुसरा हिशेब मला लिहायला आवडत नाही, पण तो केलाच पाहिजे. तुमच्या मलमाचा एक चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर त्यात एक ग्रॅम कापूर आला. तान्ह्या मुलाच्या पोटात एवढा कापूर जाणं जिवावर बेतू शकतं. नऊ महिन्यांचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं. छातीला चोळलेलं मलम त्याच्या बोटांना लागतं आणि बोटं तोंडात जातात. झाकण उघडं राहिलेली डबी तर विचारूच नका. कापूर पोटात गेला की काही मिनिटांतच झटके सुरू होऊ शकतात. त्यामुळे असं कधी कुणाच्या घरी घडलं तर मीठपाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नये. डबी हातात घ्यावी आणि थेट दवाखाना गाठावा.

तुमच्या हातून काही अघोरी घडलं असं मला म्हणायचं नाही. बाळाला जे झालं ते त्वचेची आग होण्यापुरतं झालं आणि सुनेने लगेच पुसलं. मात्र तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे: ‘याच मलमावर माझी मुलं वाढली.’ तिथे जरा थांबूया.

तुमच्या सासूबाई कापराचं अख्खं पाकीट फोडून टाकायच्या का, आठवून बघा. तुम्ही लिहिलं आहे की त्या ‘अंदाजाने’ करायच्या. तो अंदाज चिमटीचा होता की पाकिटाचा? माझ्या आजोळी कापूर लहानशा काचेच्या बाटलीत मिरीचे दाणे घालून ठेवायचे, उडून जाऊ नये म्हणून, आणि आरतीला एक वडी निघायची तीसुद्धा मोजून. त्या काळच्या घरात मलमात ५० ग्रॅम कापूर पडला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कृती तोंडी चालत आली की माप बदलत जातं. चिमटीची वडी होते, वडीचं पाकीट होतं. शिवाय पाकिटात जास्त निघालं की ‘राहू दे, चांगलंच आहे’ म्हणून हात सैल सुटतो. तुमच्या मुलांना लावलेलं मलम आणि हे मलम, नाव एक असलं तरी वस्तू बहुधा एक नाही.

कापराविषयी आणखी एक. देवघरातला कापूर आज बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. जाळण्यासाठी तो ठीक आहे, अंगाला लावायच्या प्रतीचा असेलच असं नाही. पाकिटावर ‘भीमसेनी’ लिहिलेलं असलं म्हणून तो बाळाला चालतो, असंही नाही. डांबरगोळ्यांचा तर विचारही नको. दिसायला पांढऱ्या, वासाला उग्र, म्हणून कपाटात कापराशेजारी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. ती वस्तू पूर्ण वेगळी आणि तीही घातक.

आता नाक मोकळं होण्याबद्दल. पुदिन्याची एखादी गोळी चघळा आणि वर माठातलं नाही, साधं नळाचं पाणी प्या. घशातून बर्फ गेल्यासारखं वाटतं ना? पाणी तेवढंच कोमट आहे, तुमच्या तोंडातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा तेवढ्या फसल्या. नाकातही हेच होतं. पुदिन्याच्या फुलांचा वास गेला की नाक सुटल्यासारखं वाटतं, पण आतली सूज तेवढीच असते आणि हवाही तेवढीच जाते-येते. मोठ्या माणसाला या फसवणुकीचा उपयोग आहे, कारण बरं वाटलं की झोप लागते. २०१० मध्ये अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर या बामांची चाचणी झाली होती. बाम लावलेली मुलं रात्री जास्त शांत झोपली. आग होणं, डोळ्यांत झोंबणं अशा तक्रारीही त्यांच्यातच जास्त निघाल्या. तुमचं मलम थोतांड आहे असं म्हणूनच मी म्हणणार नाही. ते झोपेपुरतं उपयोगी आहे. सर्दी त्याने लवकर जात नाही; ती आपले आठ-दहा दिवस घेऊनच जाते.

हा भास कुठवर नेऊ शकतो ते २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण पाहिलं. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाइलवरून गावोगाव फिरत होता. लोकांना खरंच मोकळं वाटत होतं. बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा मात्र होता तिथेच.

तान्ह्या बाळात हा खेळ उलटू शकतो. नाकाजवळ एवढा उग्र वास आला की त्याचा श्वास क्षणभर अडखळू शकतो, घशातला स्वरयंत्राचा भाग आवळून धरू शकतो. त्याच्या श्वासनळ्या मुळात बारीक, त्यात चिडून आणखी शेंबूड धरला तर पंचाईत. त्यातून बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे त्वचेतून आत जाणारं औषध त्याच्या वाट्याला जास्त येतं. बाजारच्या बामवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं छापलेलं असतं ते यासाठीच. घरच्या डबीवर काही छापलेलं नसतं, एवढाच फरक.

म्हणजे सूनबाई बरोबर होत्या. पण मलम करणंच चुकलं असं नाही, हे सांगायचा एक मार्गही मला दिसतो, आणि तोच या पत्राचा गाभा आहे: तुम्ही एका डबीला दोन कामं सांगितली आहेत. ती कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

सर्दीच्या मलमाचं काम त्वचेला डिवचायचं. कापूर, पुदिना, निलगिरी ही सगळी मंडळी नसांना चाळवतात, म्हणून गरम-गार वाटतं. खाजणाऱ्या, खरखरीत, फुटलेल्या त्वचेला हवी असते शांतता. तिचं वरचं कुंपण आधीच मोडलेलं असतं. त्यातून पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं नको ते आत जातं. अशा जागी कापूर चोळणं म्हणजे सोललेल्या बोटाने मिरची चिरणं. डास चावल्यावर मोठ्यांना बरं वाटतं, कारण त्या गार झिणझिण्यांत खाज झाकली जाते. बाळाच्या चट्ट्यावर ती नुसती आग.

म्हणून दोन डब्या करा. दोन्हींची कृती देते, कारण करायची आवड तुम्हाला आहे आणि ती सोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

पहिली मोठ्यांची, सर्दीची आणि दुखऱ्या पाठीची. १०० ग्रॅमसाठी खोबरेल ७५, मेण १८, कापूर ४, पुदिन्याची फुलं २ आणि निलगिरी १ ग्रॅम. हे वाटीने मोजू नका. सोनाराकडे असतो तसला छोटा बॅटरीचा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. चार ग्रॅम आणि आठ ग्रॅम यातला फरक डोळ्यांना दिसत नाही. ओव्याची फुलं मी यातून काढली आहेत. त्यांचा गुण त्यांच्या वासात आहे तसा त्यांच्या चटक्यातही आहे, आणि कापूर-पुदिना असताना त्यांची गरज उरत नाही.

पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलचं भांडं बसवून तेल आणि किसलेलं मेण घाला. मेण साधारण ६२ ते ६५ अंशाला वितळतं, म्हणजे थेट आचेची गरजच नाही. पूर्ण वितळलं की गॅस बंद करा, भांडं उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या. पाक झाला का ते आपण जसं ताटलीत थेंब टाकून बघतो, तसा एक थेंब गार ताटलीवर टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडून सरकला तर मलम बरोबर जमेल. तेलासारखा पळाला तर मेण अजून थोडं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी उन्हाळ्यात मेण २२-२३ ग्रॅमपर्यंत न्यावं आणि तेवढं तेल कमी करावं, नाहीतर मे महिन्यात डबीत रस्साच मिळेल.

कापूर आणि पुदिन्याची फुलं वेगळ्या छोट्या बाटलीत एकत्र ठेवा. ही गंमत नातवंडांना जरा मोठी झाली की लांबून दाखवण्यासारखी आहे. दोन्ही कोरडे खडे, पाण्याचा थेंब नाही, आणि बाटली हलवत राहिलं की कडा ओलसर होतात, खडे घसरतात, थोड्या वेळात बाटलीत नितळ पाणी दिसतं. ओव्याची फुलंही घातली की जुन्या घरांतली अमृतधारा तयार. दोघांचा वितळण्याचा बिंदू एकमेकांच्या संगतीत खाली येतो, म्हणून घरच्या हवेतच ते वितळतात. हे पाणी आणि निलगिरी, भांड्याच्या कडेला सायीसारखं पांढरं धरायला लागलं की मगच मलमात घाला आणि लगेच ढवळून डब्यांत ओता.

घाई केली तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. पहिल्यांदा मी निलगिरी आणि कापूर गॅसवरच्याच भांड्यात टाकला होता. भपकन वाफ आली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि घरातलं मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकलं नाही. नशीब की एवढ्यावर भागलं, कारण ही वाफ पेट घेते. कापूर कशासाठी प्रसिद्ध आहे ते मला त्या वेळी आठवलं नव्हतं. गॅस बंद आणि जवळ समई-निरांजनही नको. शिवाय गरम तेलातून कापूर उडून गेला की चार ग्रॅमचे किती उरले ते कुणालाच कळत नाही.

हे मलम छातीला, पाठीला, गळ्याच्या खाली लावायचं. नाकात नाही, ओठावर नाही, डोळ्यांजवळ नाही, फुटलेल्या कातडीवर नाही. लावून वरून गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, त्याने भाजतं. ज्यांना फिट्स येतात त्यांनी कापूर-निलगिरीपासून लांबच राहावं. दमेकऱ्यांना उग्र वासानेच खोकल्याची उबळ येत असेल तर त्यांनीही. अंगावर पाजणाऱ्या आईने छातीला लावू नये, म्हणजे तुमच्या सुनेनेही नाही.

दुसरी डबी त्वचेची. खोबरेल ८०, मेण २०. झालं. एवढंच.

तुम्ही विचाराल, मग यात औषध कुठे आहे? ताई, कुंपण मोडलेल्या त्वचेला कुंपण घालणं हेच औषध. ओलावा आत अडवायचा आणि घासणं थांबवायचं. कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या मुलांवर ‘व्हर्जिन’ म्हणजे ताज्या नारळातून काढलेल्या खोबरेलाची चाचणी फिलिपाइन्समध्ये झाली आहे, नारळ त्यांच्याकडेही भरपूर, आणि त्यात खोबरेल चांगलं ठरलं होतं. मोहरीचं तेल मात्र बाळाच्या त्वचेला चरचरतं, ते नको. ऑलिव्हचं तेल महाग असलं तरी कोरड्या त्वचेसाठी त्याची ख्याती चांगली नाही. कोकणातल्या वाचकांकडे मुठीत वळलेले कोकमतेलाचे फिकट पिवळे गोळे असतील, ते टाचांच्या भेगांना उत्तम. मेणाचा निम्मा भाग काढून तिथे कोकमतेल घातलं तर मलम गुळगुळीत होतं.

या डबीत काही घालायचा मोह आवरा, विशेषतः ओलं काही. कोरफडीचा गर, कडुनिंबाचा वाटलेला पाला, ओली हळद, गुलाबपाणी, यांतलं काहीही पडलं की डबीत पाणी गेलं, आणि पाणी गेलं की बुरशीला आमंत्रण. शतधौत घृत करून पाहिलं आहे का कधी? तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, गार पाणी घालून तळहाताने किंवा तांब्याच्या बुडाने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी, असं शंभर वेळा. तिसाव्या-चाळिसाव्या वेळेला तुपाचा वास आणि पिवळेपणा जातो, पुढे ते पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं होतं. भाजल्या-पोळल्यानंतरच्या आगीला आपल्याकडे ते फार जुनं. मी मोठ्या हौसेने तीन तास फेटून बरणीभर केलं आणि कपाटात ठेवलं. पावसाळ्याचे दिवस. दोन आठवड्यांनी बघते तर कडेला हिरवट ठिपके. तुपात पाणी राहतंच, ते कितीही निपटलं तरी. करायचं तर चमचाभर करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा, आणि ताज्या भाजलेल्या जागेवर आधी वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बाकी सगळं त्यानंतर.

तेल-मेणाची डबी मात्र कोरड्या बोटांनी वापरली तर सहा महिने सहज राहते. तेलाला खवट वास आला की टाकून द्या. आणि नवं काहीही लावताना मोठ्या माणसानेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस वाट पाहावी.

बाळाच्या चट्ट्यांचं काय, ते पत्रावरून ओळखता येत नाही, तसा दावाही कुणी करू नये. गाल आणि कोपराच्या घड्या म्हटल्यावर मनात एक शंका येते, पण ती बालरोगतज्ज्ञाने बघून सांगायची. चट्टे ओले झाले, पिवळी खपली धरली, किंवा बाळ खाजेने रात्रभर जागलं तर लगेच दाखवावं. तोवर आंघोळ कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांत आटोपती, डाळीचं पीठ आणि उटणं बंद, टॉवेलने टिपून कोरडं करायचं आणि अंग जरा ओलसर असतानाच तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली. लोकरीचं टोपडं थेट कातडीला नको, आत सुती कापड. न्हाऊ-माखू घालायचं काम कुणाचं असतं आपल्याकडे? आजीचंच. ते तुमच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही.

बाळाच्या सर्दीलाही हाच न्याय. नाक चोंदलं तर दूध पाजायच्या आधी औषधाच्या दुकानात मिळणारे साधे मिठाच्या पाण्याचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत. दूध थोडं थोडं, जास्त वेळा. वर्षाच्या आत मध नाही, चाटणसुद्धा नाही. वाफ देऊ नका, उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं दवाखान्यांना नवी नाहीत. वेखंडाची, ओव्याची धुरी नको. धूर तो धूर, औषधी झाडाचा असला तरी. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची सवय असेल, तर ती स्वतःच्या सांध्यांसाठी ठेवा. आणि एक गोष्ट घड्याळ लावून शिका: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचं पोट वर-खाली होणं मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध सोडणं, ओठ निळसर होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी कुठलंही मलम उघडत न बसता निघायचं. तुमच्या गावातल्या आशाताईंना हे मोजणं येतं, त्यांच्याकडून शिकून घ्या.

सिरपची तुमची भीती खोटी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने मुलं दगावली, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं डॉक्टरांना बजावलं. पण त्यातून निघणारा अर्थ बघा. सिरप वाईट म्हणून मलम चांगलं, असा तो नाही. एवढ्या लहान बाळाच्या साध्या सर्दीला औषधच लागत नाही, असा आहे. बाटली घरची की बाजारची, हा मुद्दा मागाहून येतो. छिंदवाड्यात घात केला तो आत काय आणि किती गेलं हे न तपासल्याने. तुमच्या घरच्या पाकिटालाही तोच प्रश्न विचारायला हवा.

बचत गटाचं थोडक्यात सांगते. ‘सर्दीवर’, ‘खाजेवर’ असं लिहून विकलं की ते कायद्याने औषध झालं, मग ते आयुर्वेदिक का असेना. औषधं व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय ते बनवून विकता येत नाही. आपल्याकडे हे अन्न व औषध प्रशासन बघतं. परवान्यासाठी वेगळी जागा, जाणकार माणूस, नोंदी हे सगळं आलं. नुसतं ओठांचं-टाचांचं मेण म्हणून विकायलाही सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. तोवर पापड-मसाल्यात गट चालतोय तो चालू दे. आणि आठवडी बाजारात ओळखीने ‘असंच’ देणं हा मार्ग मला पसंत नाही. तुम्ही समोर नसताना ती डबी कुणाच्या पाळण्यात जाईल, तुम्हाला सांगता येत नाही.

सूनबाईंना पत्र-बित्र लिहू नका, फोन करा. ‘तू पुसलंस ते बरं केलंस, मी कापूर मोजला, फार निघाला’ एवढं एक वाक्य पुरे आहे. माफीचा लांबलचक पाढा वाचलात तर तीच बिचारी अवघडेल. ती बोलली नाही याचं तुम्हाला लागलं, पण मला त्यात राग कमी आणि संकोच जास्त दिसतो. डबी तिने कचऱ्यात टाकली नाही, तुमच्या पिशवीत ठेवली. पुढच्या वेळी जाताना दुसरी डबी न्या, तेल-मेणाची, वर चिठ्ठी चिकटवलेली: आत काय, किती, कधी केलं. आणि ती तिच्या हातात द्या. बाळाला लावायचं की नाही ते तिच्या डॉक्टरांना विचारून ती ठरवेल. सासूबाईंच्या डबीवर चिठ्ठी कधीच नव्हती, कारण ती घराबाहेर कधी गेलीच नव्हती.

जुन्या मलमाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण टाकून द्यायला जिवावर येईल, म्हणून सांगते. त्याचा एक भाग आणि नवं तेल-मेण चार भाग, असं पुन्हा कोमट करून एकजीव केलं की कापूर चार टक्क्यांच्या आसपास येतो. सगळी डबी अशी मोडली तर एक किलो दोनशे ग्रॅम मलम होईल. एवढ्या पाठी तुमच्या घरात दुखत नसाव्यात. पन्नासेक ग्रॅमच मोडा, बाकीचं वरच्या फळीवर, कुलुपात.